साक्ष देणारं प्लास्टिक

आमच्या घरात प्लास्टिकचा वास असायचा. अम्मी म्हणायची, ईदचे नवे कपडेही दोन दिवसांत कारखान्याचे होतात. अब्बांचा कुर्ल्यात भाड्याच्या गाळ्यात कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, इंजेक्शन मोल्डिंगची दोन मशीनं, एक ग्राइंडर आणि तीन कामगार. गाव साताऱ्याकडचं. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी आणि गाळ्यात ज्याला जी समजेल ती भाषा.

काम साधं होतं. वर हॉपरमध्ये दाणा ओतायचा. दाणा म्हणजे प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे मणी. तो गरम बॅरलमधून वितळत पुढे सरकतो, दाबाने साच्यात शिरतो, साचा थंड झाला की उघडतो आणि डबा किंवा झाकण टपकन बाहेर पडतं. अब्बा दाणा हातात घेऊन सांगायचे, हा कोरा आहे की एकदा वापरलेलं प्लास्टिक दळून केलेला आहे. शंका आली तर काडी ओढून जाळून बघायचे. मेणबत्तीसारखा वास आला तर ठीक. नाकात टोचणारा वास आला तर पोतं परत. पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो ते बघायचे. त्यांची प्रयोगशाळा तेवढीच होती: एक काडेपेटी, एक बादली आणि नाक.

मी भौतिकशास्त्र शिकलो आणि आता एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. अब्बांना माझा विषय नीट कळला नाही, आणि मला त्यांचा धंदा कळला असं मी समजत होतो. हे दोन विषय एके दिवशी माझ्यासमोर एकत्र आले, ते एका प्लास्टिकमुळे. ते प्लास्टिक अब्बांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर त्यांना ते आवडलं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिन असतो. दरवर्षी मुलांसमोर काहीतरी बोलावं लागतं. रामन यांच्यावर बोलून झालं होतं, चांद्रयानावर बोलून झालं होतं. या वेळी ठरवलं की कोलार सोन्याच्या खाणीवर बोलायचं. कर्नाटकातल्या त्या खाणीत सोनं तर निघालंच, पण १९६५ साली तिथे आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती शोधणाऱ्यांत आपल्या मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. कुलाब्याच्या टोकाला समुद्राशेजारी असलेली, जिला सगळे टीआयएफआर म्हणतात ती.

गोष्ट अशी. आकाशातून आपल्यावर सतत कणांचा पाऊस पडत असतो. वैश्विक किरण वातावरणावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण खाली येतात. तुम्ही हे वाचताय तेव्हाही दर मिनिटाला शेकडो म्यूऑन तुमच्या शरीरातून आरपार जात आहेत. ते छप्पर भेदतात, जमीनही भेदतात. टीआयएफआरच्या लोकांनी कोलारच्या खाणीत उतरून हे कण मोजायला सुरुवात केली. जितकं खोल जावं तितके कण कमी. सगळ्यात खोल जागी, सुमारे पावणेतीन किलोमीटर खाली, त्यांनी दोन महिने उपकरण लावून ठेवलं आणि एकही कण आला नाही.

दोन महिने काहीच नाही! आपल्यासारख्याला वाटेल की प्रयोग फसला. त्यांना वाटलं, जागा सापडली. इतकी शांतता असेल तर इथे न्यूट्रिनोचा आवाज ऐकू येईल. न्यूट्रिनो हा असा कण, जो अख्खी पृथ्वी ओलांडून जातो आणि कुणाला धक्काही लागू देत नाही. क्वचित एखादा खडकातल्या अणूवर आदळतो आणि त्यातून एक म्यूऑन सुटतो. वरून येणारे म्यूऑन उभे येतात. न्यूट्रिनोमुळे जन्मलेला आडवाही येऊ शकतो. म्हणून टीआयएफआरने जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठाबरोबर आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाबरोबर सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर समोरासमोर दोन भिंती उभ्या केल्या. मेनन, श्रीकंटन, नरसिंहम, रमण मूर्ती, मियाके, वुल्फेंडेल अशी नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. आडवा कण आला की दोन्ही भिंतींना कळणार. तो आला. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची ती जगातली पहिली नोंद, १९६५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक रायनेस यांच्या गटालाही तेच यश मिळालं.

आणि त्या भिंती कशाच्या होत्या? प्लास्टिकच्या.

इथे मी वाचता वाचता थांबलो. इतकी वर्षं हा विषय शिकवत होतो, पण कोलारच्या पाताळात आमच्या गाळ्यातल्या मालाचा भाऊबंद उभा होता हे कधी मनात आलं नव्हतं.

या प्लास्टिकला सिंटिलेटर म्हणतात. लुकलुकणारा पदार्थ. त्यातून एखादा विद्युतभारित कण गेला की वाटेतले रेणू क्षणभर उत्तेजित होतात आणि शांत होताना प्रकाश सोडतात. तो प्रकाश इतका मंद आणि क्षणिक असतो की बाजूला प्रकाशाचा एकेक कण पकडणारी नळी लावावी लागते. बनवण्याची रीत अब्बांना लगेच समजली असती. पॉलिस्टायरीन घ्यायचं, म्हणजे ज्याचे कंगवे आणि स्वस्तातले पारदर्शक ग्लास होतात ते. त्यात टर्फेनिलसारखं एक रसायन अगदी थोडं मिसळायचं आणि दुसरं त्याहूनही थोडं. पहिलं रसायन प्रकाश देतं, पण तो डोळ्याला न दिसणारा अतिनील असतो. दुसरं त्याला निळा करतं. आमच्याकडे डब्याला रंग यावा म्हणून दाण्यात मूठभर मास्टरबॅच टाकायचे, तसंच हे. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगासाठी टीआयएफआरचे लोक असं प्लास्टिक स्वतःच तयार करतात.

मुलांना हे सांगताना एक अडचण येते. ते विचारतात, इतक्या खोल कशाला जायचं? त्यांना मी चाँदरातीचं उदाहरण देतो.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर चढायचो. चंद्रकोर नखाच्या कडेएवढी, आणि काही मिनिटंच दिसणार. कुर्ल्याच्या आकाशात धूर, दिवे, इमारती. त्यात विमानतळ जवळ. कुणीतरी पोरगं ओरडायचं, 'दिसला, दिसला!' आणि ते विमानाचं टोक निघायचं. कोर खोटी नसते. खोट्या कोरी एवढ्या असतात की खरी दिसली तरी विश्वास बसत नाही. म्हणून ज्याने पाहिली त्याची साक्ष घेतात: कुठे पाहिली, कधी पाहिली, टोकं कुठल्या बाजूला होती. कमी पार्श्वभूमीचं भौतिकशास्त्र म्हणजे हेच. कोर दुर्मीळ आहे, ती वाढवता येत नाही. मग विमानं कमी करायची, दिवे विझवायचे, आणि जे उरेल त्याची कसून साक्ष घ्यायची.

जमिनीखाली गेलं की आकाशातले कण थांबतात. पण मग दुसरीच आफत समोर येते. खडकात युरेनियम आणि थोरियम असतं. हवेत रेडॉन असतो. स्क्रूत, तारेत, डिंकात, धुळीत, सगळीकडे किरणोत्सर्गाचा अंश असतो. माणसात तर किती! आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्ये दर सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटतात. उपकरणाला नुसतं बोट लागलं तरी घामातलं पोटॅशियम चिकटतं. म्हणजे शांत जागा शोधत पाताळात जावं आणि तिथे गोंगाट करणारे आपण स्वतः आणि आपण नेलेलं सामान.

इटलीत रोमच्या ईशान्येला ग्रान सासो नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटातून मोटाररस्त्याचा बोगदा जातो आणि बोगद्याला लागून प्रयोगशाळेची दालनं आहेत. डोक्यावर १,४०० मीटर खडक. तिथे जर्मेनियमचे स्फटिक उणे १८६ अंशांच्या द्रवरूप अरगॉन वायूत टांगून एका घटनेची वाट बघतात. जर्मेनियम-७६ चा अणू फुटून त्यातून फक्त दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत, न्यूट्रिनो एकही नाही. असं कधी घडलेलं दिसलं तर न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे हे सिद्ध होईल, आणि विश्वात प्रतिपदार्थ संपून पदार्थ कसा उरला, म्हणजे आपण कसे उरलो, याचा एक मोठा धागा हाती लागेल. तिथल्या आधीच्या प्रयोगाने, त्याचं नाव गर्डा, सांगितलं की ही घटना घडत असलीच तर तिचं अर्धायुष्य किमान १८ वर पंचवीस शून्यं एवढ्या वर्षांचं आहे. विश्वाचं वय अवघं १,३८० कोटी वर्षं. कोर किती बारीक आहे याची कल्पना यावी म्हणून हे आकडे दिले.

गर्डानंतर त्याच टाकीत लेजंड-२०० नावाचा प्रयोग उभा राहिला. आता प्रश्न साधा, आमच्या गाळ्यातला वाटावा असा. जर्मेनियमचा स्फटिक ठेवायचा कशावर? त्याला बैठक हवी. बैठक म्हणजे स्फटिकाला चिकटलेली वस्तू. तिच्यात कणभर जरी मळ असेल तरी तो थेट स्फटिकाच्या कानात बोलणार. गर्डात सिलिकॉनच्या पातळ चकत्या वापरल्या होत्या. सिलिकॉन अतिशय शुद्ध असतं. पण ते मुकं असतं. त्यातल्या चुकार अणूने खोटा इशारा दिला तर ते काही सांगत नाही.

लेजंडवाल्यांनी बैठकीसाठी प्लास्टिक घेतलं. पॉलिएथिलीन नॅफ्थॅलेट, थोडक्यात पेन. आपल्या पाण्याच्या बाटलीचं पेट असतं ना, त्याची ही थोरली बहीण. पेटच्या रेणूत बेन्झिनचं एक कडं असतं, पेनमध्ये दोन कडी जोडलेली असतात, नॅफ्थॅलीनसारखी. नॅफ्थॅलीन म्हणजे अम्मीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या. हे काही प्रयोगशाळेत जन्मलेलं खास द्रव्य नाही. फोटोच्या फिल्मला, बाटल्यांना वापरलं गेलेलं कारखान्यातलं प्लास्टिक. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाचे हिदेहितो नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की हे बाजारातलं प्लास्टिक काहीही न मिसळता निळं लुकलुकतं. ना टर्फेनिल, ना मास्टरबॅच. कोरा दाणा, तोच सिंटिलेटर. मिसळायला काही नको म्हणजे मिसळलेल्या मालातून येणारा मळही नको. शिवाय त्या भयंकर थंडीत ते तांब्यापेक्षा मजबूत राहतं.

मग त्यांनी काय केलं असेल? दाणा आणला. दाणा धुतला, वाळवला. मोल्डिंगच्या मशीनभोवती स्वच्छ खोली उभी केली आणि साच्यात दाबून चकत्या पाडल्या. इंजेक्शन मोल्डिंग! मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं मशीन आलं, हॉपरजवळ बनियनवर उभे असलेले अब्बा आले. त्या चकत्यांमध्ये युरेनियम-थोरियमच्या कुळातला मळ मोजला तेव्हा तो एका नगामागे एक मायक्रोबेकरेलच्या खाली निघाला. म्हणजे साडेअकरा दिवसांत एखादा अणू फुटला तर फुटला. माझ्या शरीरात तेवढ्या वेळात चारशे कोटींच्या आसपास फुटतात.

पण मला थांबवलं ते शुद्धतेने नाही. ते थोडं पुढचं वाक्य होतं. समजा, एवढं करूनही त्या चकतीत एक चुकार अणू राहिला आणि तो फुटला. त्यातून निघालेला गॅमा किरण स्फटिकात शिरेल आणि खोटी कोर दाखवेल. पण फुटताना त्याच अणूचा एखादा भारित कण चकतीतूनही जातो, आणि चकती लुकलुकते. एकाच क्षणी स्फटिकात इशारा आणि चकतीत प्रकाश दिसला की शास्त्रज्ञ समजतात, ही कोर नव्हे. ती नोंद बाद. अरगॉनही कण गेला की चमकतो, पण त्याचा प्रकाश खोल अतिनील, नळ्यांना थेट न दिसणारा. पेन तो प्रकाशही पिऊन निळा करून पुढे पाठवतं. म्हणजे ही बैठक शेजाऱ्याची साक्ष पोहोचवते आणि गरज पडली तर स्वतःविरुद्धही साक्ष देते.

शुद्ध असणं आणि आपल्यातला मळ लपवता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी त्या दिवशी शास्त्राच्या भाषेत वाचलं. अब्बांनी मला हे आधीच सांगितलं होतं.

१९९९ चा मे महिना. मी एकोणीस वर्षांचा. दादी आजारी पडली म्हणून अब्बा तीन आठवडे गावाला गेले. कारखाना माझ्या हातात. शाळा उघडायच्या आत एका घाऊक व्यापाऱ्याला २,००० डबे द्यायचे होते. पोरांचे खाऊचे डबे, गडद निळे. दाण्याचा भाव चढला होता आणि मला अब्बांना दाखवायचं होतं की मीही धंदा करू शकतो. एकाने अर्ध्या भावात दळलेला दाणा देऊ केला. करडा, थोडा धुरकट. मी त्याच्या जागेवर बघायला गेलो. मागच्या बाजूला गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांची फुटलेली खोकी रचलेली होती. त्यांच्यावर पांढरे डाग वाळलेले होते. शेजारी ग्राइंडर चालू होता. तो म्हणाला, 'धुतलेला आहे, एकदम साफ.' मी मान हलवली. बॅटरीच्या आत शिसं आणि आम्ल असतं हे मला ठाऊक होतं. बारावीला रसायनशास्त्रात मला चांगले गुण होते.

कोऱ्या दाण्यात तो तिसऱ्या हिश्शाएवढा मिसळला. मास्टरबॅच जरा जास्त टाकला. गडद रंगात सगळं झाकलं जातं, हे गाळ्यातल्या सगळ्यात नव्या पोरालाही कळतं. डबे सुंदर निघाले. वेळेत पोहोचवले. हिशेबात नफा दिसला.

अब्बा आले, तेव्हा पाचसहा डबे गाळ्यात उरलेले होते. त्यांनी एक उचलला, नाकाशी नेला, काही बोलले नाहीत. गरम पाणी ओतून झाकण लावून ठेवलं. थोड्या वेळाने उघडून पुन्हा वास घेतला. मग चाकूने कडेची पट्टी कापली आणि काडी ओढली. काडी विझेपर्यंत ते त्या ज्योतीकडे बघत राहिले.

'दाणा कुठला?'

मी म्हणालो, 'बाजारातून घेतला. दळलेला आहे, पण कशाचा ते माहीत नाही.'

पहिला अर्धा भाग खरा होता.

मी वाद घातला. सगळेच मिसळतात, डब्याकडे बघून कुणाला काय कळणार, व्यापाऱ्याने तक्रार केलेली नाही. अब्बांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'माल बोलता नई, बेटा. इसके वास्ते आदमी को बोलना पडता.'

दुसऱ्या दिवशी ते त्या व्यापाऱ्याकडे गेले. मी सोबत होतो. त्यांनी सांगितलं, माझ्याकडून माल खराब गेला आहे, डबे परत द्या, पैसे मी देतो. माझ्या मुलाकडून असं ते म्हणाले नाहीत. व्यापारी चक्रावला. त्याने विचारलं, मालात वाईट काय आहे? अब्बा म्हणाले, दाणा कुठला ते मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यात पोरांचं जेवण नको. मी मागे उभा होतो. मला सांगता येत होतं.

१,१४० डबे परत आले. बाकीचे दुकानांतून विकले गेले होते. परत आलेले डबे दळून अब्बांनी झाडांच्या कुंड्या केल्या आणि घेणाऱ्याला सांगूनच विकल्या. त्या पावसाळ्यात दुसरं मशीन विकावं लागलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. मला कॉलेजात पाठवलं. मी फार पुढे जाईन असं ते सगळ्यांना सांगायचे.

मी तेव्हा 'बॅटरीचा' एवढा एक शब्द उच्चारला असता, तर अब्बा परत आलेल्या डब्यांवर थांबले नसते. मी त्यांना ओळखत होतो. ते दुकानादुकानांत गेले असते. शाळांच्या दारात उभे राहिले असते, निळा डबा दिसेल त्या पोराच्या आईला सांगितलं असतं. धंदा बुडाला असता, पण ते गेले असते. म्हणूनच मी बोललो नाही. त्या डब्यांत शिसं होतं की नव्हतं, किती होतं, हे कुणी तपासलं नाही. दाणा खरंच नीट धुतलेला असेलही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं आणि त्याचं काही सुरक्षित प्रमाण नसतं, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो.

अब्बा २०१३ साली गेले. शेवटच्या महिन्यात मी त्यांच्या उशाशी बसायचो. बोलायला वेळ होता. मी दुसऱ्या गोष्टी बोललो.

हा लेख मी याआधी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा फक्त विज्ञानाचा करून सोडून दिला. कोलार, ग्रान सासो, निळा प्रकाश. छान वाटत होता वाचायला. पण मग ते त्या सिलिकॉनच्या चकतीसारखं झालं असतं. स्वच्छ, आणि मुकं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हे उदाहरण मी माझ्या सोयीने वापरतोय असं होईल. पेनची साक्ष उपयोगी पडते ती तिच्या वेळेमुळे. स्फटिकातला इशारा आणि चकतीतला प्रकाश यांच्यात सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांचंच अंतर चालतं. त्यानंतर आलेला प्रकाश कुठल्या घटनेचा, हे ठरवता येत नाही. नोंद बाद करायची संधी निघून जाते. माझा प्रकाश पंचवीसहून अधिक वर्षांनी येतोय. तो त्या वेळची नोंद दुरुस्त करू शकत नाही. तरी मी तो लपवत नाही, एवढंच.

या विज्ञान दिनाला मी वर्गात हे सगळं सांगितलं. कोलार सांगितलं, चाँदरात सांगितली, पेन सांगितलं. एका मुलाने विचारलं, 'सर, ते प्लास्टिक पूर्ण शुद्धच का करत नाहीत? मग साक्षीची गरजच नाही.' चांगला प्रश्न होता. मी म्हणालो, करता येईल तेवढं करतात. पण पूर्ण शुद्ध असं काही या पृथ्वीवर मिळत नाही, म्हणून ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्याच्याकडे दुसराही गुण लागतो. आणि मग, ठरवलं नव्हतं तरी, मी त्यांना डब्यांची गोष्ट सांगितली. बॅटरीच्या खोक्यांसकट. पहिल्यांदाच मोठ्याने.

वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. तिचे वडीलही प्लास्टिकच्या कामात आहेत. तिने विचारलं, 'सर, मग परत न आलेले डबे?'

मी फळ्याकडे वळलो आणि २,००० मधून १,१४० वजा केले. मला उत्तर पाठ होतं, तरी केले. खाली लिहिलं, ८६०. मग खडू ठेवला आणि तिला सांगितलं, 'त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.' या वेळी ते खरं होतं.